आनी डिफ्रँको, तिचं बफेलो आणि आपल्याकडचे स्वतः लिहून गाणारे

वाघूरकाठ

मंडळी, आनी डिफ्रँको हे नाव इथे किती जणांनी ऐकलंय कल्पना नाही. मला भाचीमुळे कळलं. भाची गिटारवर स्वतःची गाणी म्हणते, तीही अहिराणीत. तिच्या फोनमधून या बाईची गाणी ऐकली आणि मग तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. गाण्यांपेक्षा तिचा व्यवहारच मला जास्त भावला. बँकेतला माणूस, सवयच तशी.

जन्म १९७०, गाव बफेलो. न्यूयॉर्क राज्यातलं, पण न्यूयॉर्क शहरापासून लांब, पार कॅनडाच्या सीमेवर, नायगाऱ्याच्या बाजूला. पोलादाचे कारखाने बंद पडून उतरती कळा लागलेलं शहर. नऊ वर्षांची असताना गिटार हातात आली आणि गावातल्याच एका गायकाने तिला सोबत घेऊन बारमध्ये गायला बसवलं. पंधराव्या वर्षी आई कनेक्टिकटला राहायला गेली, ही मागेच राहिली. कायद्याने स्वतःला स्वतंत्र ठरवून घेऊन एकटी राहू लागली. १९९० मध्ये पहिला अल्बम काढला, कुठल्याही कंपनीकडे न जाता. स्वतःचंच लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, नाव रायचस बेब रेकॉर्ड्स. गाडी काढायची, कॉलेजं आणि छोटे कॅफे गाठायचे, गाऊन झालं की तिथेच कॅसेटी विकायच्या आणि पुढचं गाव धरायचं. एका कॉलेजातल्या मुलीने दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीला कॅसेट कॉपी करून द्यायची, अशी नाव पसरण्याची पद्धत. नव्वदच्या दशकात जवळजवळ दरवर्षी एक अल्बम.

नाव झाल्यावर मोठ्या कंपन्या मागे लागल्या. तिने कोणालाच होकार दिला नाही. १९९७ चा तिचा लाइव्ह अल्बम गोल्ड झाला, म्हणजे अमेरिकेत पाच लाखांचा टप्पा. त्याच वर्षी एका मोठ्या स्त्रीवादी मासिकाने तिचा गौरव केला आणि त्यात लिहिलं काय, तर ही एका अल्बममागे बड्या बड्या बँडपेक्षा जास्त पैसे मिळवते! तिने संपादकांना खुलं पत्र धाडलं : माझ्या गाण्यांबद्दल बोला, दर नगामागच्या मिळकतीबद्दल काय बोलता. पत्र बरोबरच आहे. पण मासिकाने काढलेला हिशेबही खोटा नव्हता, आणि माझं लक्ष त्या हिशेबाकडेच जातं. कंपनीचा कलाकार लाखो नग विकतो आणि त्याच्या हातात नगामागे चिल्लर येते. ही कमी विकून जास्त घरी नेत होती.

आणखी एक मजा. तिला ग्रॅमी मिळालं ते २००४ मध्ये, अल्बमच्या वेष्टनाच्या मांडणीसाठी!

आता मुद्दा. भाचीला एका चॅनलकडून ऑफर आली आहे. ठरावीक गाण्यांचे ठोक पैसे, व्हिडिओ ते करणार, गाणी 'कायमस्वरूपी सर्व हक्कांसह' त्यांची. मुलीची आई म्हणते घेऊन टाक, गिटारचे तरी पैसे निघतील. मुलगी गप्प आहे. मामा म्हणून मला विचारलंय, आणि मी तुम्हाला विचारतोय. खान्देशात राहून, स्वतःची गाणी स्वतःच्या नावावर ठेवून, पोट भरतं का कोणाचं?

भुसावळ_जंक्शन

वाचतोय. मुंबईला जा म्हणणारे येतीलच, त्यांची वाट बघतो.

पुण्यातला_खान्देशी

आलो. मुंबईला नाही, निदान पुण्याला तरी. तिथे छोट्या जागा आहेत, तिकीट काढून शांत बसून गाणं ऐकणारे लोक आहेत. जळगावात गिटार घेऊन स्वतःचं गाणं म्हणणारीला कोण बोलावणार? आणि अहिराणीत? स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अहिराणी गाणं म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच चित्र : हळदीची रात्र, डीजे, ठेका आणि अंगात आलेले वऱ्हाडी. बाकी काही चालत नाही. चाललं असतं तर आतापर्यंत चाललं नसतं का? अमेरिकेची उदाहरणं अमेरिकेत ठीक.

वाघूरकाठ

@पुण्यातला_खान्देशी, अमेरिकेचं म्हणूनच तर उदाहरण दिलं. तिलाही तेव्हा लोक हेच सांगत असणार की बफेलोत बसून काय होणार. काही वर्षं ती न्यूयॉर्क शहरात राहिलीही, पण कंपनीचं कार्यालय बफेलोतच ठेवलं. माणसं तिथलीच कामाला घेतली. शहरात एकोणिसाव्या शतकातलं एक मोठं चर्च पडायला आलं होतं. तिने आणि तिच्या व्यवस्थापकाने ते विकत घेऊन दुरुस्त केलं. आता तिथे खाली-वर कार्यक्रमांच्या जागा, एक कलादालन आणि तिच्या कंपनीचं कार्यालय आहे. २००६ पासून चालू. आपल्याकडे गायकाचं नाव झालं की पहिला फ्लॅट कुठे घेतो ते सर्वांना माहीत आहे.

आणि हो, तो व्यवस्थापकही बफेलोचाच. हिशेब, करार, छपाई तो बघायचा, ही गात फिरायची. 'एकटीने केलं' असं जे लिहितात ते अर्धंच खरं.

बँजोमास्तर

राम राम भो. धागा चांगला से. मी बँजोवाला माणूस, लगीनसराईमा आम्हनाशिवाय पान हालत नही. एक गोट सांगस. आम्ही वाजाडतस ते गानं कोन्हं से, हाई कोनीच इचारत नही. नवरदेवना मित्रसले नाचाले पाह्यजे, बस.

बाकी प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर भाषांतर मागतील (हलके घ्या).

आमच्या धंद्याचं गणित असं. तुळशीचं लग्न झालं की ऑर्डरी सुरू, त्या जूनच्या पावसापर्यंत. मध्ये अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धमाल. मग चातुर्मास, लग्नं बंद. तेव्हा गणपती, नवरात्र, कुठे कानबाईचा उत्सव. गायकाचंही तसंच. जो गायक आमच्या गाडीवर उभा राहतो त्याला रात्रीचे पैसे मिळतात, गाणं त्याने लिहिलं की दुसऱ्याने याने काही फरक पडत नाही. मी असे पोरं पाहिलेत की त्यांचं गाणं धुळ्यापासून सुरतेपर्यंत प्रत्येक वरातीत वाजतंय, आणि तो पोरगा चातुर्मासात दुसऱ्याच्या शेतात कापूस निंदतोय. लोकांना गाणं तोंडपाठ आहे, नाव कोणालाच माहीत नाही.

त्यामुळे माझं म्हणणं, ताईंनी ठोक पैसे घ्यावेत. हातात येतील ते खरे. यूट्यूबचं कोणी बघितलंय?

डफाची_थाप

बँजोमास्तर, नाव माहीत नसतं म्हणता, त्यावर आपल्या जुन्या लोकांनी उपाय काढून ठेवला होता. आमच्या घरात वहीगायन होतं. रात्र रात्र डफावर वही चालायची, दोन फड समोरासमोर. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यायचं, गावाचं यायचं, कधी गुरूचंही. शाहिरी, लावणी, अभंग, सगळीकडे हीच रीत. गाणं दुसऱ्या फडाने उचललं तरी नाव गाळता यायचं नाही, कारण यमक त्या नावावर बसवलेलं! गाळलं की कडवं लंगडं पडणार आणि समोरचा फड हसणार. मला तर वाटतं आजच्या पोरांनी शेवटच्या नाही तर पहिल्याच कडव्यात नाव घालावं, कारण शेवटपर्यंत ऐकतो कोण.

आणि पुण्यातल्या मित्रा, 'खान्देशात ठेक्याशिवाय चालत नाही' हे विधान असोद्याच्या बाजूने जाताना मनातल्या मनातही करू नकोस. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपाशी बोलत गेल्या त्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून राहिल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी ती टिपणांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली, तेव्हा १९५२ मध्ये पुस्तक निघालं. हयातभर त्यांना श्रोते कोण? घरचे, शेजारचे आणि बैल. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. स्वतःच्या बोलीत स्वतः रचून स्वतः गाणारी बाई, यापेक्षा वेगळी काय व्याख्या करणार तुम्ही 'सिंगर-साँगरायटर' या इंग्रजी शब्दाची?

अवांतर : भाचीला आकाशवाणी जळगावची ऑडिशन द्यायला सांगा. सुगम किंवा लोकसंगीत. ग्रेड मिळाली की मानधन थोडंच असतं, पण दहा ठिकाणी सांगायला होतं. आमच्या वेळी तर 'रेडिओ स्टार' म्हणून लग्नपत्रिकेत छापायचे.

पुण्यातला_खान्देशी

काका, बहिणाबाई मान्य. पण त्यांना त्यातून एक पैसा मिळाला नाही हेही लिहा की. मी पोटाबद्दल बोलत होतो.

डफाची_थाप

ते खरं आहे.

कलम_एकोणीस

उशिरा आलो, पण हे माझ्या कामाचं आहे. धुळ्यात वकिली करतो. नमनाला घडाभर तेल न घालता सांगतो.

एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्दांचा पहिला मालक लिहिणारा. चालीचा मालक चाल बांधणारा. ध्वनिमुद्रणाचा मालक मात्र गाणारा नसतो, निर्माता असतो, म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. व्यवहारात बहुतेक वेळा स्टुडिओचं बिल ज्याने भरलं तो. आपल्याकडचे गायक नेमके इथे फसतात. 'रेकॉर्डिंग फुकट करून देतो' असं कोणी म्हटलं की समजायचं, तो तुमच्यावर उपकार करत नाहीये, मालकी घेतोय. त्या अमेरिकी बाईने पहिल्याच अल्बमचं ध्वनिमुद्रण आपल्या हातात ठेवलं, तिच्या पुढच्या सगळ्या व्यवहाराचा पाया तो.

दुसरं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. 'चहाच्या टपरीवर बोलणं झालं होतं' याला अर्थ नाही. तेव्हा बँजोमास्तरांच्या त्या कापूस निंदणाऱ्या पोराने काही लिहून दिलं नसेल, तर शब्द आणि चाल आजही त्याचीच आहे, हे त्याला सांगा. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणूनच चॅनलवाले 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे शब्द आवर्जून घालतात. तुमच्या भाचीच्या कागदावर ते आहेतच.

तिसरं, २०१२ ची दुरुस्ती. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरली होती ती. गीतकार आणि संगीतकाराने हक्क विकले तरी गाण्याच्या पुढच्या वापरातल्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा त्यांना सोडून देता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. त्यासाठी आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था आहे. गीतकार, संगीतकार तिचे सभासद होतात. खान्देशात किती जण सभासद आहेत असं विचारलं की लोक माझ्याकडे बघतच राहतात.

@डफाची_थाप, बहिणाबाईंच्या बाबतीत एक उपयोगी गोष्ट. आपल्याकडे हक्काची मुदत कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. मरणोत्तर प्रकाशित झालेल्या साहित्याला प्रकाशनापासून साठ वर्षं. १९५२ च्या पुस्तकातल्या कवितांची मुदत केव्हाच संपली. म्हणजे त्या शब्दांना कोणीही नवी चाल लावून गाऊ शकतो. पण त्याच कविता सिनेमात, कॅसेटवर ज्या चालींत गाजल्या त्या चाली नंतरच्या संगीतकारांच्या, त्यांचे हक्क वेगळे. पोरं नेमकं उलटं करतात, तयार चाल उचलतात आणि शब्दांत 'रिमिक्स' घुसवतात.

भाचीला सांगा, सही करू नकोस. निदान आहे तशी नको.

वाघूरकाठ

धन्यवाद वकीलसाहेब. कागद एकच पान आहे, शंभराच्या स्टॅम्पवर, इंग्रजीत. 'कायमस्वरूपी' आहेच. तिचं नाव व्हिडिओत कुठे येईल याबद्दल एक ओळ नाही.

रेकॉर्डिंग_चालू

जळगावात छोटा स्टुडिओ चालवतो, तर दुसरी बाजू मांडतो. सगळे चॅनलवाले लुटारू नाहीत. व्हिडिओला कॅमेरा, ड्रोन, नाचणारी मंडळी, कपडे, गाडी, जेवण, हे पैसे कोणीतरी घालतो, आणि दहा गाण्यांतली आठ-नऊ बुडतात. चाललेल्या एकावर तो बाकीच्यांचा खर्च काढतो. त्याने काहीच घेऊ नये असं कसं म्हणणार?

पण भाचीला त्याच्या व्हिडिओची गरज आहे का, हा प्रश्न वेगळा. गिटार आणि आवाज एवढंच असेल तर रेकॉर्डिंगला फार खर्च नाही. डिस्ट्रिब्युटरकडे वर्षाची फी भरली की गाणं स्पॉटिफाय, अ‍ॅपल, सगळीकडे जातं. पैसे येतील या भ्रमात मात्र राहू नये. स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याला वर्षभरात हजार स्ट्रीम नाहीत त्याला काहीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलं जाणं लागतं (किंवा मग शॉर्ट्सचे कोटीभर व्ह्यू). ते झालं की मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरातीचे ५५ टक्के आपले. पण खान्देशातल्या प्रेक्षकावर जाहिरातदार देतो किती? व्ह्यूचा आकडा बघून नातेवाईक उसने पैसे मागायला येतात आणि खात्यात मोबाइलचा रिचार्ज होईल एवढेच असतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. स्वतःचं गाणं आधी स्वतःच्या नावावर डिस्ट्रिब्युटरमार्फत नोंदवा, मगच कोणाला ऐकवा. माझ्याकडच्या एका गायकाचं गाणं दुसऱ्याच कोणीतरी आधी नोंदवलं. मग मूळ गायकाने ते आपल्या चॅनलवर टाकलं तर त्याच्यावरच कॉपीराइट क्लेम! यंत्राला काय कळतं, आधी ज्याचं आलं त्याचं.

सुरतकर_पाटील

उधना, सुरत. सगळे जळगाव-धुळ्यापुरतं बोलताय म्हणून लिहितो. खान्देशी गाण्याचं निम्मं मार्केट इकडे आहे राव. उधना, लिंबायत, पांडेसरा, जिकडे जाल तिकडे आपलीच माणसं. लूमवर, साड्यांच्या कारखान्यात काम करणारी. कानबाई आमच्याकडे गावापेक्षा जोरात होते. रात्रपाळीत मशीनच्या आवाजात कानात गाणी लावून उभे असतात लोक, आणि तेव्हा त्यांना नाचायचं नसतं. गावाची आठवण येणारं काहीतरी हवं असतं. पुणेकर म्हणतात तसं 'फक्त ठेका' नाही चालत. ठेका हळदीला चालतो, बाकीचे तीनशे दिवस माणूस एकटाच ऐकतो.

भाचीची गाणी कशाबद्दल आहेत ते तर कोणी विचारलंच नाही.

वाघूरकाठ

खरंच की. ती चोपडा तालुक्यातली, घरची केळी. एक गाणं बापावर आहे. व्यापाऱ्याचा ट्रक घड भरून उत्तरेला निघतो आणि भाव कोणी ठरवला हे बापाला कळत नाही. त्यातली एक ओळ तिची परवानगी घेऊन देतो :

दिल्लीले ग्यात केया, मन्हा बाप ऱ्हायना बांधवर.

एक गाणं आजीच्या गोंदणावर आहे. एक भुसावळ स्टेशनवरच्या रात्रीच्या चहावर, ते मला फारसं आवडलं नाही, पण तिला तेच सगळ्यांत आवडतं.

सुरतकर_पाटील

ही ओळ मी कारखान्यात वाचून दाखवली. दोघं-तिघं 'पुढचं सांग' म्हणून मागे लागलेत. लिंक असेल तर टाका.

बँजोमास्तर

'मन्हा बाप ऱ्हायना बांधवर'. भारी से भो.

सातपुड्याची_पायवाट

मी धडगाव भागात शिक्षिका आहे. इथल्या अनुभवावरून थोडं वेगळं सांगते.

आमच्याकडे गाणं 'कोणाचं' असा प्रश्नच नव्हता. होळीला, विशेषतः काठी गावच्या होळीला, रात्रभर ढोल-पावरी चालते, गाणी म्हणणाऱ्या बायका जागच्या जागी नवीन ओळी जोडत जातात. ते गाणं सगळ्या पाड्याचं. आता तीच गाणी, तेच टिमलीचे ठेके कीबोर्डवर बसवून बाहेरची माणसं व्हिडिओ काढतात आणि खाली स्वतःचं नाव टाकतात. पावरी वाजवणाऱ्या आजोबांना रेकॉर्डिंगच्या दिवशी जेवण आणि थोडे पैसे मिळाले. वकीलसाहेबांच्या कायद्यात त्यांचं काय, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि स्वतंत्र गायकांनाही हे लागू होतं. तुमची भाची आजीच्या ओव्यांची चाल घेऊन वर स्वतःचे शब्द बसवत असेल तर 'पारंपरिक चाल' असं लिहायला तिने लाजू नये.

कलम_एकोणीस

पायवाट ताई, आजोबांना वादक म्हणून हक्क आहे. कलावंताचा हक्क कायद्यात वेगळा आहे, पन्नास वर्षांचा, आणि २०१२ नंतर व्यावसायिक वापरात त्यांचा रॉयल्टीचा वाटाही आहे. पण पाड्याच्या सामूहिक गाण्याला मालक म्हणून उभं करायला आपला कॉपीराइट कायदा अपुरा पडतो. त्याला लेखक लागतो, एक किंवा अनेक, पण नावानिशी. तुमचा मुद्दा बरोबर आहे, कायदा तिथवर पोचत नाही.

कानबाईची_लेक

एवढे पुरुष बोलले, आता जरा माझं ऐका. मी लग्नाआधी गायचे. गुलाबाईची, कानबाईची गाणी, आणि स्वतः केलेलीही. गणपतीत स्टेजवर गाणारी पोरगी सगळ्यांना कौतुकाची असते. तिचं लग्न ठरेपर्यंत. मग सासरच्या माणसांचा पहिला प्रश्न : 'रात्रीचे कार्यक्रम करते का?' बँजोच्या गाडीवर उभं राहून पैसे कमवायचा मार्ग बँजोमास्तरांच्या पोराला आहे, मला नव्हता. हळदीत दारू पिऊन आलेले लोक स्टेजखाली काय बोलतात ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच माहीत.

म्हणून मला ती अमेरिकी बाई वेगळ्या कारणाने पटली. मी शोधून वाचलं, तिचं वाजवणंही दणकट आहे. गिटारच्या तारा इतक्या जोरात छेडते की खोट्या नखांवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून वाजवते. तिने दुसऱ्यांचीही गाणी आपल्या लेबलवर काढली. 'हेड्सटाउन' नावाचा एक अल्बम २०१० मध्ये दुसऱ्या एका गायिकेचा काढला आणि त्यात स्वतः गायलीही. त्याचं पुढे ब्रॉडवेवर नाटक झालं, आणि २०२४ मध्ये हीच बाई तिशी-चाळिशीत नव्हे, पन्नाशी ओलांडल्यावर अल्बममध्ये गायलेल्याच भूमिकेत तिथे उभी राहिली. पन्नाशीनंतर! आपल्याकडे पंचविशीनंतर विचारतात, अजून गातेस का.

सगळं गोड आहे असंही नाही. २०१३ मध्ये तिने गाणी लिहिण्याचं शिबिर लुईझियानातल्या एका जुन्या गुलामांच्या मळ्यावर ठरवलं होतं. लोक संतापले, शेवटी रद्द करावं लागलं. स्वतःच मालक असलं की शिव्याही स्वतःच्याच पदरात पडतात, दाखवायला कंपनी नसते.

दादा, भाचीला विचारा की तिला कुठे गायचंय. लग्नात गायचं नसेल तर ते आधी ठरवू द्या. पैशाचं त्यानंतर बोला. आणि तिच्या आईला दोष देऊ नका. 'गिटारचे तरी निघतील' म्हणणाऱ्या आईने गिटार घेऊन दिली आहे.

भुसावळ_जंक्शन

शेवटच्या वाक्याला +१००.

पुण्यातला_खान्देशी

ठीक आहे, माघार नाही पण थोडी सूट. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा खान्देशी सांगणारे साधारण साडेअठरा लाख होते. त्या आधीच्या जनगणनेत त्याहून जास्त, वीस लाखांच्या वर. आकडा कमी झाला कारण आपल्यासारखे लोक फॉर्मवर 'मराठी' लिहितात. मीही मराठीच सांगतो. तरी साडेअठरा लाख म्हणजे कमी नाही. त्यातले हजार लोक जरी गाणं विकत घेणारे निघाले तरी एका मुलीचं वर्ष निघेल. पण ते हजार लोक 'विकत घेणारे' कसे करायचे, हे अजून कोणी सांगितलेलं नाही. आपल्या लोकांना गाणं फुकट मिळायची सवय आहे.

रेकॉर्डिंग_चालू

विकत गाणं नाही घेणार, कार्यक्रम घेतील. डफकाका म्हणतात तशी ऑडिशन द्यावी. शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं, साहित्य संमेलनांतले काव्यवाचनाचे कार्यक्रम, जळगावचे ओपन थिएटर, सुरतेची मंडळं. तिथे तासभर बसून ऐकतात. आणि प्रत्येक ठिकाणी शब्द छापलेली पुस्तिका ठेवावी. सीडी कोणी घेत नाही आता, पण अहिराणी शब्द छापलेले लोक घेतात. घरी जाऊन म्हाताऱ्यांना वाचून दाखवतात.

वाघूरकाठ

चार दिवस लिहू शकलो नाही. काय झालं ते सांगतो.

चोपड्याला जाऊन आलो. बहिणीशी बोलणं सुरुवातीला फिसकटलं. ती म्हणाली, पैसे समोर आहेत आणि तुम्ही कलमं सांगता. मग भावजींनीच तोंड उघडलं, जे एरवी जेवायला वाढ एवढंच बोलतात. म्हणाले, उभा बाग ठोक दिला की पुढे भाव चढला तर व्यापाऱ्याच्या दारात जाऊन रडता येत नाही, आपण हे करून बसलोय. बहीण गप्प झाली. मलाही यापुढे कायदा समजवायची गरज उरली नाही.

वकीलसाहेबांनी व्यक्तिगत निरोपात सुचवल्याप्रमाणे चॅनलला उलट कागद पाठवलाय. एकच गाणं, भुसावळचं. व्हिडिओ त्यांचा, शब्द-चाल तिची, पाच वर्षांचा परवाना, नाव व्हिडिओच्या सुरुवातीला आणि वर्णनात. त्यांचं उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटत नाही, खरं सांगायचं तर. बापावरचं गाणं ती स्वतःच रेकॉर्ड करणार आहे, @रेकॉर्डिंग_चालू यांच्याकडे, आणि बिल आम्हीच भरणार आहोत. मालकीचा घोळ नको. आजीच्या गोंदणाचं गाणं जात्यावरच्या चालीत आहे, त्याखाली 'पारंपरिक चाल' लिहायला ती तयार आहे. हे पायवाट ताईंसाठी.

कानबाईच्या लेकीने विचारायला सांगितलं होतं ते विचारलं. लग्नात गाणार नाही म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, पण बँजोवर कोणी माझं गाणं वाजवलं तर मला आवडेल.

हिशेबाची वही बहिणीकडे दिली आहे. गिटारची किंमत तिने पहिल्या पानावर 'येणे' म्हणून लिहिली.

सुरतकर_पाटील

पाटीलवाडीच्या मंडळातर्फे विचारतो. कानबाईला सुरतेत कार्यक्रम घ्यायचा तर मानधन किती? जायचं-यायचं ताप्ती लाइनचं तिकीट आमच्याकडे, राहणं आमच्या घरी, बरोबर आई आली तरी चालेल. आकडा तुम्ही सांगा, आम्ही घासाघीस करणार.

वाघूरकाठ

आकडा बहीण सांगेल. घासाघीस जपून करा.

बँजोमास्तर

ताईले सांगा, बापवालं गानं मी बसाडस. वाजाडाना पह्यले तिन्हं नाव माइकवर सांगसू, गावसकट. फक्त पट्टी सांगा, काळी एक का काळी दोन? आम्हना कॅसिओवाला काळी दोनना वर जात नही.